शनिवार फुल्ल, सोमवारचं काय?

कर्जत-खालापुरात खोल्या वाढतायत, रस्ते-रेल्वे-विमानतळ जवळ येतायत. पण इथल्या हॉटेल-रिसॉर्ट व्यवसायाचं भवितव्य ठरणार आहे ते आठवड्याच्या मधल्या दिवसांवर. इथल्या तरुणाईसाठी खरी जागाही तिथेच आहे.

शनिवारी सकाळी कर्जत किंवा खोपोली लोकलमधून उतरलात, तर स्टेशनबाहेरचं चित्र तुम्हाला पाठ असेल. पाठीवर सॅक, हातात वडापाव, रिक्षावाल्याशी घासाघीस आणि 'लोकेशन पाठव रे' असा फोनवर आरडाओरडा. चौक फाट्यापासून नदीकाठच्या फार्महाऊसपर्यंत गाड्यांची रांग. संध्याकाळी एकही खोली मिळत नाही आणि मिळालीच तर दर ऐकून परत फिरावं लागतं.

आता तोच रस्ता मंगळवारी दुपारी धरून बघा. बहुतेक फाटकं बंद. स्विमिंग पूलचं पाणी निळंशार, पण आत कुणी नाही. वॉचमन सावलीत मोबाइल बघत बसलेला. लॉन, एसी, किचन, जनरेटर सगळं तयार, पाहुणे तेवढे नाहीत.

'हॉस्पिटॅलिटीमध्ये खूप स्कोप आहे' हे वाक्य तुम्ही करिअर मेळाव्यात कैकदा ऐकलं असेल. ते खोटं नाही. पण तो स्कोप नेमका कुठे आहे हे समजून घ्यायचं, तर ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवायला हवीत. शनिवार कुणीही भरतं. जो सोमवार ते गुरुवार भरून दाखवेल, तोच पुढच्या दहा वर्षांत इथे टिकेल.

मुक्कामाची जुनी वाट

पाहुण्यांना आसरा देणं या भागाला नवीन नाही. राजमाचीच्या पोटातली कोंढाणे लेणी बघितलीत ना? बोरघाटाच्या व्यापारी वाटांजवळ, दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेली. तिथले विहार म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या. भिक्षूंनी पावसाळ्याचे महिने एका जागी काढायचे, ही वर्षावासाची प्रथा. 'मान्सून स्टे' हा शब्द इन्स्टाग्रामवर यायच्या फार आधी इथे लोक पावसाळ्यासाठी मुक्कामाला होते!

आधुनिक काळातली सुरुवात माथेरानपासून झाली. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहून डोंगर चढून वर गेला आणि मुंबईच्या साहेबांना थंड हवेचं ठिकाण मिळालं. त्या डोंगरात धनगर, ठाकूर, कातकरी आधीपासून वावरत होते, पण 'शोध' नावावर लागला तो मॅलेटच्या. पुढे बंगले झाले, हॉटेलं झाली आणि १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून नेरळ-माथेरान ही छोटी गाडी सुरू झाली. कर्जत तालुक्यात पाहुण्यांवर चालणारी बाजारपेठ उभी राहिली ती तिथे.

खाली कर्जत स्टेशनचं महत्त्व वेगळं होतं. घाट चढण्यासाठी गाड्यांना इथे मागून जादा इंजिनं लावावी लागतात, त्यामुळे गाडी थांबते. त्या काही मिनिटांच्या थांब्यावर दिवाडकरांचा वडा महाराष्ट्रभर पोहोचला. पाहुणा कशासाठी थांबतो हे ओळखून त्याला नेमकं तेच द्यायचं, हे या व्यवसायाचं पहिलं सूत्र इथे फलाटावरच शिकता येतं.

त्यानंतरचे टप्पे तुमच्या आई-बाबांच्या आठवणीतले आहेत. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि गाडी असलेल्यांसाठी खालापूर दोन तासांच्या आत आलं. २००५ मध्ये कर्जत-चौक रस्त्यावर नितीन देसाईंचा स्टुडिओ उभा राहिला. २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका सुरू झालं आणि पुढे त्याच्या आवारात मोठं हॉटेलही आलं. २०२० नंतर, टाळेबंदीतून बाहेर पडलेल्या शहरी कुटुंबांना गर्दी नको होती, स्वतंत्र बंगला हवा होता. तेव्हापासून फार्महाऊसच्या पाट्यांना जो बहर आलाय, तो तुम्ही कॉलेजला येता-जाता बघताच आहात.

आता काय बदलतंय?

सगळ्यात आधी अंतर. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. पनवेल-कर्जत हा २९.६ किलोमीटरचा दुपदरी उपनगरी रेल्वेमार्गही उभा राहतोय. चिखले, मोहापे, चौक अशी त्यावरची स्टेशनं. हार्बर लाइनवरच्या माणसाला कल्याणचा वळसा न घालता कर्जत गाठता येईल. चौकसारख्या गावाला लोकलचं स्टेशन मिळणं याचा अर्थ काय, हे चौकच्या रिक्षावाल्यालाही कळतं आणि जमीन विकत घेणाऱ्यालाही.

दुसरा बदल मुक्कामाच्या प्रकारात. पूर्वी रिसॉर्ट म्हणजे वीस-तीस खोल्या, एक पूल, एक डायनिंग हॉल. आता चार-पाच बेडरूमचा अख्खा बंगला एकाच ग्रुपला देण्याची पद्धत रुळली आहे. बंगला एकाचा, तो चालवणारी कंपनी दुसरी. स्टेव्हिस्टा, सॅफ्रनस्टेज यांसारख्या कंपन्या याच पद्धतीवर उभ्या आहेत. टाटा समूहाच्या इंडियन हॉटेल्सनेही 'अमा स्टेज अँड ट्रेल्स' हा ब्रँड अशाच बंगल्यांसाठी काढला. मोठ्या हॉटेल कंपन्याही आता जागा स्वतः विकत घेण्यापेक्षा दुसऱ्याची इमारत चालवायला घेणं पसंत करतात. थोडक्यात, इमारत बांधणं वेगळं आणि ती चालवणं वेगळं, हे या व्यवसायाने मान्य केलंय. चालवणं हे कौशल्य आहे आणि ते शिकता येतं. त्यासाठी बापजाद्यांची इस्टेट लागत नाही.

तिसरा बदल कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असलेल्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे चार हजारांच्या खोलीवर आधी ४८० रुपये कर लागायचा, आता २०० लागतो. साडेसात हजारांच्या वर मात्र १८ टक्के कायम. कॉमर्सच्या मंडळींनी इथे एक गोष्ट हेरली असेल: ५ टक्क्यांच्या या टप्प्यात मालकाला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. त्यामुळे पाहुण्याला खोली स्वस्त पडली, तरी मालकाने फर्निचर-गाद्या-एसीवर भरलेला जीएसटी त्याच्या खर्चातच जातो.

चौथा बदल लग्नांचा. नदीकाठचं लॉन, मागे डोंगर, दोन दिवसांचं पॅकेज. तुळशीचं लग्न लागलं की इथल्या लॉनच्या तारखा भरायला लागतात. लग्न मंगळवारीही असू शकतं, म्हणून मालकाला ते आवडतं. शेजारच्या गावाला मात्र रात्रीचा डीजे आवडत नाही. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा देशभरचा नियम आहे, तो फार्महाऊसच्या फाटकाशी थांबत नाही.

शनिवारचं गणित

आता जरा हिशोब मांडू. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण पद्धत खरी आहे.

समजा, तुमच्याकडे दहा खोल्यांचं छोटं रिसॉर्ट आहे. आठवड्याचे सात दिवस, म्हणजे विकायला ७० 'रूम नाइट्स'. शुक्रवारी चार खोल्या गेल्या, शनिवारी दहाच्या दहा, रविवारी दोन आणि सोमवार ते गुरुवार रोज एक. एकूण २०. म्हणजे ऑक्युपन्सी साधारण २९ टक्के. शनिवारी 'हाऊसफुल्ल'ची पाटी लावणारं रिसॉर्ट प्रत्यक्षात सत्तर टक्क्यांहून जास्त रिकामं आहे!

खोलीचं भाडं चार हजार धरलं, तर आठवड्याला ८० हजार आले. त्यातलं निम्मं बुकिंग ॲपवरून आलं आणि ॲपने २० टक्के कापले, तर आठ हजार गेले. उरले ७२ हजार. सहा माणसांचा पगार, वीजबिल, पूलची केमिकल्स, लाँड्री, डिझेल, दुरुस्ती हे सगळं यातूनच. आणि पगार सातही दिवसांचा द्यायचा असतो. मग मालक काय करतो? माणसं कमी करतो. शनिवार-रविवारपुरती रोजंदारीवर बोलावतो. गावातल्या तरुणाला दोन दिवस काम आणि पाच दिवस बसून राहणं, याचं कारण या गणितात आहे.

आता याच रिसॉर्टने सोमवार ते गुरुवार रोज आणखी तीन खोल्या भरल्या असं समजा, तेही अडीच हजारांच्या कमी दराने. आठवड्याला १२ रूम नाइट्स वाढल्या, ३० हजार वाढले. ऑक्युपन्सी ४६ टक्क्यांच्या आसपास गेली. विकल्या गेलेल्या खोलीचं सरासरी भाडं चार हजारांवरून ३,४३७ रुपयांवर उतरलं. नुसतं तेवढंच बघणारा म्हणेल, भाव पडला. पण उपलब्ध असलेल्या प्रत्येक खोलीमागे मिळणारं उत्पन्न, ज्याला हॉटेलवाले 'रेव्हपार' म्हणतात, ते १,१४३ वरून १,५७१ रुपयांवर गेलं. इमारत तीच, पूल तोच, कर्ज तेच. आणि आता दोन-तीन माणसांना महिनाभर कामावर ठेवणं मालकाला परवडतं.

मोठ्या भांडवलालाही हे गणित चुकत नाही. इमॅजिकाने कर्जाचं ओझं वर्षानुवर्षं वाहिलं आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ती कंपनी ताब्यात घेतली. राइड असो की रूम, ती बांधायला लागलेल्या पैशांवरचं व्याज रोज चालू असतं. पाहुणा मात्र रोज येत नाही.

मधले दिवस भरतात कसे?

याची उत्तरं आजूबाजूलाच आहेत.

नेरळजवळची सगुणा बाग बघा. अमेरिकेत शिकून परतलेले चंद्रशेखर भडसावळे यांनी भातशेती, मत्स्यतळी, झाडं आणि जनावरं यांच्याभोवती कृषी पर्यटन उभं केलं, तेव्हा हा शब्दही कुणाला फारसा माहीत नव्हता. तिथे पाहुणा शेत बघायला, करायला, शिकायला येतो. शाळेची सहल शनिवारी नसते, ती बुधवारी असते. नांगरणी-चिखलणीशिवाय भात घेण्याचं जे 'एसआरटी' तंत्र त्यांनी विकसित केलं, ते शिकायला येणारा शेतकरीही वीकेंडची वाट बघत नाही.

घाट चढून लोणावळ्यात गेलं की कैवल्यधाम लागतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. इथे येणारा माणूस योग, उपचार किंवा अभ्यासक्रमासाठी सलग काही दिवस राहतो. 'एक रात्र, दोन दिवस' हे पॅकेज तिथे नाही. आज वेलनेसच्या नावाखाली जे काही विकलं जातं, त्याचं शंभर वर्षांचं जुनं उदाहरण आपल्या डोक्यावरच्या डोंगरात आहे.

चित्रीकरणाचंही तसंच. देसाईंचा स्टुडिओ आता राज्य सरकारच्या चित्रनगरीच्या ताब्यात आहे. शूटिंगचं युनिट वाराचा विचार करत नाही. त्यांना राहायला जागा लागते, पहाटे चारला चहा लागतो, दीडशे माणसांचं जेवण लागतं. कंपन्यांची प्रशिक्षणं, कॉलेजांची एनएसएस शिबिरं, लेखन-नाटकाच्या कार्यशाळा हेही मधल्या वारांचेच पाहुणे.

आणि सगळ्यात जुना 'होमस्टे' तर तुमच्यातल्या ट्रेकर्सनी अनुभवलेला असेल. कोथळीगडाच्या पायथ्याचं पेठ गाव. रात्री ओसरीवर पथारी, चुलीवरची भाकरी, पिठलं, सोबत ठेचा. पहाटे गावातलाच कुणीतरी वाट दाखवायला पुढे. तिथे ना रिसेप्शन, ना वेलकम ड्रिंक. पण पाहुणा दुसऱ्यांदा येताना त्याच घराचं नाव विचारत येतो.

इथे तुमची बाजू भक्कम आहे. शहरातून आलेला मॅनेजर पूल चालवू शकतो, पण पावसाच्या तोंडावर शेवळं कुठे उगवतात, टाकळा-कुरडू-भारंगी कधी खुडायची, खांडसहून भीमाशंकरला शिडीघाटाने कधी जावं आणि कधी मुळीच जाऊ नये, हे त्याला माहीत नसतं. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की भांबुर्ड्याचा पाला लावून मडक्यात पोपटी लावायची, हा रायगडचा खास सोहळा. तो शेतात कुठल्याही वारी होऊ शकतो. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने 'कर्जत-३' पासून कितीतरी भाताच्या जाती दिल्या. देशभर बियाण्याच्या पिशवीवर गावाचं नाव आहे, पण इथल्याच मेनूकार्डावर बहुतेक वेळा 'स्टीम राइस' एवढंच लिहिलेलं असतं. पनीर टिक्का त्या पाहुण्याला त्याच्या बिल्डिंगखालीही मिळतो. इथवर तो कशासाठी येतो, याचा विचार मेनू लिहिणाऱ्याने करायला हवा.

पाणी, डोंगर आणि पाहुणा

या व्यवसायाचं खरं भांडवल म्हणजे पाणी आणि डोंगर. दोन्हींबद्दल आपण जरा गाफील आहोत.

मे महिन्यात, आजूबाजूचे ओढे कोरडे पडलेले असताना पेज नदी वाहती कशी असते, याचा कधी विचार केलाय? तिला भिवपुरीच्या टाटा वीजघरातून सोडलेलं पाणी मिळतं. खालापूरच्या पाताळगंगेला खोपोलीच्या वीजघराचं. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. म्हणजे 'रिव्हर टच' म्हणून जे विकलं जातं, त्यामागे घाटमाथ्यावरची शंभर वर्षं जुनी धरणं आहेत. त्याच तालुक्यांत, नदीपासून लांबच्या कित्येक वाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन चालतात. टँकर आधी पूल भरायला जातो की वाडीवर, या प्रश्नावर पुढच्या काही वर्षांत गावं आणि रिसॉर्टं समोरासमोर येऊ शकतात. सांडपाण्याचंही तेच. ते प्रक्रिया न करता नदीत सोडलं, तर खाली त्याच उल्हास नदीचं पाणी लाखो लोक पितात.

नदी पावसाळ्यात काय करते, हे जुलै २०१९ मध्ये दिसलं. उल्हासच्या पुरात वांगणी-बदलापूरदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. त्याच नदीच्या वरच्या अंगाला आज 'रिव्हर व्ह्यू' बंगले आहेत. खोली निवडताना पाहुणा पूररेषा विचारत नाही. ती विचारण्याची जबाबदारी बांधणाऱ्याची आणि चालवणाऱ्याची आहे.

डोंगराचं सांगायचं तर १९ जुलै २०२३ ची रात्र खालापुरात कुणी विसरलेलं नाही. इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. ती ठाकूर समाजाची वाडी होती आणि ट्रेकिंगच्या ग्रुपना वाट तिच्यातूनच होती. कित्येक ट्रेकर्सनी तिथल्या घरी चहा घेतला होता. त्यानंतर तरी 'हिल व्ह्यू'साठी डोंगराचा पाय कापणं थांबायला हवं होतं. माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा पट्टा २००३ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित आहे. त्याकडे नुसती अडचण म्हणून बघू नका. झाडं आणि डोंगर टिकले, तर पाहुणा टिकेल.

धबधब्यांवर दर पावसाळ्यात प्रशासनाला बंदी घालावी लागते, कारण दर पावसाळ्यात कुणीतरी बुडतं. बुडणारे बहुतेक तुमच्या-माझ्या वयाचे असतात. बंदी आली की वडेवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांचा हंगाम जातो. प्रशिक्षित स्थानिक जीवरक्षक, रोजची पाहुण्यांची मर्यादा आणि पाणी वाढलं की बंद होणारी वाट, एवढं झालं तर सरसकट बंदीची वेळ कमी येईल आणि चार मुलांना नेमकं काम मिळेल.

गेटवर की काउंटरवर?

आता अवघड मुद्दा. या दोन्ही तालुक्यांत एक गोष्ट गावोगाव ऐकायला मिळते: वडिलांनी जमीन विकली, त्यावर रिसॉर्ट झालं आणि मुलगा त्याच रिसॉर्टच्या गेटवर उभा आहे. वॉचमनची नोकरी कमी प्रतीची आहे असं अजिबात नाही. पण जमीन एकदाच विकता येते. भाडेपट्ट्याने देणं, चालवणाऱ्या कंपनीशी उत्पन्नाचा वाटा ठरवणं, दोन खोल्या स्वतः बांधून होमस्टे करणं, हे पर्याय घरात बोलले जातात का? घरात करारनामा वाचू शकणारं कुणी असेल, तर ते तुम्ही आहात. सही करण्याआधी तो वकिलाला दाखवा, हे वडिलांना सांगायची वेळ आली तर संकोच करू नका.

माणसांचं काय होतं, याचा धडाही माथेरानमध्ये आहे. पर्यटकांना बसवून माणसांनी ओढायच्या हातरिक्षा तिथे पिढ्यान् पिढ्या चालल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचाही आदेश दिला. एखादं ठिकाण दीडशे वर्षं पर्यटनावर चालतं आणि तरीही तिथल्या काही कुटुंबांच्या वाट्याला ओझं ओढणंच येतं. कर्जत-खालापुरात तसं होऊ द्यायचं की नाही, हे आत्ता ठरतंय.

नोकरीच्या बाबतीतही गोड बोलणार नाही. हॉटेलात सुरुवातीचा पगार बेताचा असतो, शिफ्ट लांबते आणि गणपती-दिवाळीला सगळं जग सुट्टीवर असताना तुम्ही कामावर असता. पण या व्यवसायात वरची पायरी लवकर दिसते. आणि कामं फक्त शेफ आणि वेटरची नसतात. खोल्यांचे रोजचे दर ठरवणारा, ऑनलाइन रिव्ह्यूंना उत्तर देणारा, पूल आणि सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा चालवणारा, सोलर सांभाळणारा, कार्यक्रमांचं नियोजन करणारा, वाटाड्या, जीवरक्षक या सगळ्यांची गरज आहे. बीकॉमवाल्याने वर मांडलेलं ऑक्युपन्सीचं गणित एखाद्या छोट्या मालकाला मांडून दाखवलं, तर तीच त्याची पहिली मुलाखत ठरू शकते. खूपशा मालकांनी ते कागदावर कधी मांडलेलंच नसतं.

तेव्हा येत्या सुट्टीत एक छोटा अभ्यास करून बघा. तुमच्या गावाच्या पाच किलोमीटरच्या परिसरात राहण्याच्या किती जागा आहेत, त्यातल्या किती स्थानिकांच्या आहेत, मंगळवारी किती खोल्या भरतात आणि स्वयंपाकघरातला भाजीपाला कुठून येतो, एवढे चार प्रश्न. प्रोजेक्टला विषय मिळेल आणि स्वतःची जागा कुठे आहे हेही कळेल.

चौकट: सुरुवात कुठून कराल?

• पदवी हवी असेल तर: दादरची इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट ही १९५४ ची, देशातली या विषयातली जुनी संस्था. तिथल्या पदवीसाठी एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. राज्यातल्या इतर हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजांसाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा असते.

• लवकर कामाला लागायचं असेल तर: आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शनसारखे ट्रेड आहेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या 'हुनर से रोजगार तक' योजनेत कमी मुदतीचे अभ्यासक्रम चालतात.

• घरी जागा असेल तर: राज्याच्या पर्यटन संचालनालयाची निवास-न्याहारी योजना आणि २०२० चं कृषी पर्यटन धोरण आधी वाचा. नोंदणी तिथेच होते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्जाची घोषणा झाली आहे.

• मुलींसाठी: राज्याच्या 'आई' या महिलाकेंद्री पर्यटन धोरणात पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळण्याची सोय आहे. घरातला होमस्टे बहुतेक वेळा आईच चालवते. कागदावरही तिचंच नाव लावा.

• पहिला पाहुणा येण्याआधी: ग्रामपंचायतीचा दाखला, जेवण देणार असाल तर एफएसएसएआय नोंदणी, पाहुण्यांच्या ओळखपत्रांची वही, प्रथमोपचार पेटी आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर भिंतीवर. परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते.